म्हसोबाच्या तोंडावरून जाणारी रेषा

संपतराव मोजणीदारांजवळ दोन वह्या असत. एक सरकारी, ती हिंगोलीला तहसिलीत जमा व्हायची. दुसरी त्यांची स्वतःची, जाड पुठ्ठ्याची, लाल दोऱ्यानं शिवलेली. त्या दुसऱ्या वहीत ते मोजलेलं सगळं लिहीत, सरकारला लागो न लागो. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बाभळीचा घेर, नाल्याच्या पाण्याची खोली, देवळाच्या पायरीची उंची. त्यांची बायको नर्मदाबाई शेजारणींना सांगायची, की आमच्या सासूबाईंच्या काठीची लांबीसुद्धा त्या वहीत आहे. ते खरं होतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी ती काठी मोजून, तारीख घालून, त्यांनी लिहून ठेवली होती. दुःख झालं की ते मोजायचे. काहींना रडू येतं, तसं त्यांचं.

जन्म पुसेगावचा, घर शेतकऱ्याचं. शाळा मात्र हिंगोलीला, आणि निजामाचं राज्य असल्यामुळं उर्दूतून. गणित शिकवायला एक म्हातारे मौलवी होते. त्यांनी एकदा फळ्यावर तिरकी रेघ मारली आणि सांगितलं, की ही रेघ पुसली तरी हरवत नाही, कारण ती आकड्यांत लिहून ठेवता येते. पूर्वेला किती गेलं की उत्तरेला किती चढते, तो तिचा चढ. सुरुवातीच्या उभ्या रेघेला ती कुठं भेटते, तो तिचा ठिकाणा. दोन आकडे, की रेघ मुठीत. आणि तिच्या शेजारून दुसरी समांतर रेघ न्यायची असेल, तर चढाला हात लावायचा नाही. फक्त ठिकाणा बदलायचा. ती कोणत्या बिंदूतून जायला हवी ते सांगा, ठिकाणा आपोआप निघतो. बारा वर्षांच्या संपतला हे इतकं आवडलं, की संध्याकाळी घरी जाताना तो रस्त्याच्या कडेकडेनं, कडेशी बरोबर समांतर चालत गेला.

मोजणीच्या नोकरीत या विद्येचं काम क्वचितच पडायचं. जुन्या धुऱ्याला समांतर नवा धुरा टाकायचा, तर दोन्ही टोकांकडून सारखं अंतर साखळीनं मोजलं की झालं. ते साखळी ओढणाऱ्या किसनसिंगलाही येत होतं. समीकरण लागायचं ते फक्त मधे साखळी पडत नसेल तेव्हा. असा प्रसंग संपतरावांच्या नोकरीत एकदाच आला. तो बारा वर्षं चालला.

मार्च १९३६. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती. पुसेगावपासून दीड कोसावरच्या एका वाडीतून ग्यानबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं बोलावणं आलं. दोन मुलं: थोरला उकंडराव, धाकटा लिंबाजी. आपल्या डोळ्यांदेखत वाटणी व्हावी, एवढी म्हाताऱ्याची इच्छा. त्यानं अटी आधीच ठरवल्या होत्या. शेताचा उत्तरेकडचा धुरा पूर्वापार तिरका; पेरणीची तिफण त्याच्याच अंगानं चालते. नवा धुरा वेगळ्या कोनात टाकला तर पेरताना कडेला पाचरीसारखे तुकडे सुटतील, रान वाया जाईल. म्हणून नवा धुरा जुन्याला समांतर हवा. आणि तो शेताच्या मध्यावर जो म्हसोबा आहे, त्याच्या तोंडावरून जावा. वरचा तुकडा लिंबाजीचा, खालचा उकंडरावाचा.

खालच्या तुकड्यात विहीर होती, म्हसोबापासून थोडी पूर्वेला. तिच्याबद्दल म्हाताऱ्यानं कागदावर एक ओळ वेगळी लिहायला लावली: विहीर धुऱ्याला शिवली नाही तर एकट्या उकंडरावाची, शिवली तर दोघांची सामाईक. लिंबाजीला त्याबदली गावामागचं माळरान जादा दिलं होतं. 

अडचण ही, की जुना धुरा आणि म्हसोबा यांच्या मधून नाला जायचा आणि नाल्याच्या दोन्ही काठांना बोरीबाभळींचं रान माजलेलं. म्हसोबापासून धुऱ्यापर्यंत साखळी सरळ पडेना. किसनसिंग ओरखडून रक्तबंबाळ होऊन परत आला. तेव्हा संपतरावांनी गावच्या वेशीचा दगड हे मूळ धरलं. तिथून गाडीवाट नीट पूर्वेला जाते. तिच्यावरून जुन्या धुऱ्याची दोन टोकं मोजली; टोकांकडं नाल्याला झाडी नव्हती. एक टोक आठ साखळ्या पूर्वेला, सव्वीस साखळ्या उत्तरेला. दुसरं चोवीस पूर्वेला, अडतीस उत्तरेला. म्हणजे सोळा पुढं गेलं की बारा वर. चढ पाऊण. आठचे पाऊणपट सहा. सव्विसातून सहा गेले, वीस उरले. जुना धुरा आकड्यांत आला: उत्तर म्हणजे पूर्वेची पाऊणपट, अधिक वीस.

मग म्हसोबा. तो सोळा साखळ्या पूर्वेला, एकवीस उत्तरेला. देवाच्या अंगावर खुंटी ठोकता येत नाही, म्हणून साखळीचं टोक त्याच्या तोंडाला टेकवून धरलं होतं. सोळाचे पाऊणपट बारा. एकविसातून बारा गेले, नऊ उरले. नवा धुरा: पूर्वेची पाऊणपट, अधिक नऊ. अपूर्णांक नाही, उरलंसुरलं काही नाही. संपतरावांना त्या नऊचा फार आनंद झाला.

उकंडरावाची बायको चतुराबाई त्यांना ताक घेऊन आली होती. वहीतले आकडे बघून तिनं विचारलं, की नाल्यापलीकडचा धुरा न बघता ही रेघ त्याच्या जोडीनं चालेल हे तुमाला कसं कळलं. संपतरावांनी तिला तिफणीची उपमा दिली. तिफणीचे तीन दात एकमेकांना कधी शिवत नाहीत, कारण तिघांना ओढणारी बैलजोडी एकच. चढ म्हणजे ती बैलजोडी. नऊ आणि वीस म्हणजे कोणता दात कुठं बसवलाय ते. तिला ते लगेच पटलं. म्हणाली, "म्हंजे बैलं बदलली न्हाई तर दात जागा सोडत न्हाई."

संपतरावांनी हेही वहीत लिहिलं. दोन गोष्टी आणखी लिहिल्या. म्हसोबाचा दगड बाजूनं काठी लावून मोजला: जाडी एक वीत, शेंदराचा पातळ हात. आणि नव्या रेषेपासून विहिरीच्या दगडी काठापर्यंतचं अंतर: पाऊण हात. विहीर सुटली होती, उकंडरावाची झाली होती. हद्दीचे दगड मात्र म्हाताऱ्यानं रोवू दिले नाहीत. मी जिवंत आहे तोवर एका चुलीचं खा, दगड माझ्यामागं रोवा, असं त्याचं म्हणणं. कागदावर सगळ्यांचे अंगठे झाले. कागदात नऊचा आकडा नव्हता. फक्त एवढंच होतं, की धुरा समांतर आणि म्हसोबाच्या तोंडावरून. नऊ संपतरावांच्या वहीत राहिला.

म्हातारा १९३८ साली गेला. फेब्रुवारी १९४१मध्ये उकंडराव तापानं गेला, चार दिवसांत. त्या उन्हाळ्यात लिंबाजीनं दगड रोवायला संपतरावांना बोलावलं.

अर्ध्या दिवसाचं काम, असं समजून ते गेले. मागच्या वेळी खुणेला ठोकलेल्या लाकडी खुंट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, तेव्हा पुन्हा मोजणं आलं. वेशीपासून सोळा साखळ्या पूर्वेला: बरोबर. तिथून वर म्हसोबाच्या तोंडापर्यंत: वीस साखळ्या, पावणेसोळा आणे.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे आणे सोळा. पाव आणा म्हणजे आठ बोटं. आठ बोटं कमी भरली होती. संपतरावांनी किसनसिंगला दरडावलं, की साखळी ढिली धरली असशील. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा स्वतः वाकून मोजलं. आठ बोटं. जुन्या धुऱ्याची टोकं तपासली. ती जिथल्या तिथं. चढ पाऊणच. ठिकाणा तेवढा नऊचा राहिला नव्हता. रेषा कललेली नव्हती, वाकलेली नव्हती. होती तशीच्या तशी, आपल्या अंगानं खाली सरकली होती, झोपेत कुणी कूस न बदलता सरकावं तशी.

विहिरीपासून ती आता वीतभरावर होती; रेषा तिरकी, म्हणून उभी आठ बोटं काटकोनात सहा-साडेसहाच भरली.

चूक आपली, असं त्यांनी मनाशी धरलं. पण लिंबाजी दूर उभा होता, तो म्हसोबाकडं न बघता म्हणाला, "मोजणीदार साहेब, साखळी बराबर हाय. तो चालून राहिला."

गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. फक्त बाहेरच्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हसोबा पुढं आला की उकंडरावाच्या घरातलं माणूस जातं. ग्यानबा गेला तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या लक्षात आलं होतं, उकंडराव गेल्यावर पोरासोरांना कळलं. म्हसोबाचं तोंड दक्षिणेला, गावाकडं. आणि त्या घरातलं आता एकच माणूस राहिलं होतं.

चतुराबाईनं संपतरावांना एवढंच विचारलं, की रेघ कोणत्या अंगाला सरकली. विहिरीच्या, असं ते म्हणाले. तिनं मान हलवली. एकच मुलगी, ती लग्न होऊन वाशीमकडं गेलेली. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. त्या विहिरीच्या पाण्यावर ती वीस गुंठे हळद करायची आणि त्या हळदीवर तिचं वर्ष निघायचं. विहीर सामाईक झाली की पाण्याच्या पाळ्या आल्या, पाळ्या आल्या की लिंबाजीचे बैल आधी. हे तिनं बोलून दाखवलं नाही. संपतराव पंधरा वर्षं हेच बघत आले होते, त्यांना सांगायची गरज नव्हती.

दोन आकडे असताना दगड रोवायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते काम तसंच ठेवून हिंगोलीला परतले आणि पहिल्यांदा कचेरीतल्या पितळी मापावर साखळी ताणून बघितली. साखळीत दोष नव्हता.

पुढची पाच वर्षं त्यांचं त्या वाडीला जाणं झालं नाही. त्यांनी होऊ दिलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. पण घरात एक नवी सवय लागली. सकाळी उठल्यावर ते खाटेच्या पायापासून भिंतीपर्यंत वीत टाकून बघायचे. नर्मदाबाई आधी हसली. म्हणाली, म्हसोबा आता आमच्या घरी भाड्यानं राहायला येऊन राहिला की काय. मग एके दिवशी तिचं हसणं थांबलं.

एप्रिल १९४६. लिंबाजीचा चौथा निरोप आला, तेव्हा ते गेले. भर दुपारी शेतात पोचले. उकंडरावानं जिवंत असताना शेळ्या शिवू नयेत म्हणून म्हसोबाच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. ते आता छातीएवढं झालं होतं. समोरची बाजू तेवढी उघडी. लालभडक तोंड उन्हात चमकत होतं, आणि तेलाचा ओला वास येत होता. कुठं पाखरू बोलत नव्हतं. किसनसिंगनं साखळी टेकवली आणि हात लगेच मागं घेतला, चुलीला लागल्यासारखा.

वीस साखळ्या, साडेपंधरा आणे.

पुन्हा पाव आणा. कमी नाही, जास्त नाही. संपतरावांना भीती वाटली ती या सारखेपणाची. चूक वेडीवाकडी असते. आज इतकी, उद्या तितकी. ही चूक नव्हती. कुणीतरी मोजून पाऊल टाकत होतं.

विहिरीचा काठ रेषेपासून पाच बोटांवर राहिला.

चतुराबाई लांबून चालत आली. तिच्या हातात शेंदराची वाटी होती. दर शनिवारी ती म्हसोबाला शेंदूर लावायची. सासरे गेल्यावर हा नेम उकंडरावानं धरला, तो गेल्यावर तिनं. गावातल्या बायका आता तिच्याजवळ बसत नाहीत, हे तिनं हसतच सांगितलं. पाण्याला गेली की रांग आपोआप मोकळी होते, म्हणाली, तेवढीच सोय. मग वाटीत बोट फिरवत तिनं विचारलं, "भाऊ, तुमच्या हिशोबानं तो माझ्या घरापातुर कधी येईल?"

संपतरावांनी तो हिशोब केला नाही, असं सांगितलं. ते खोटं होतं. ती येण्याआधीच त्यांनी तो मनात केला होता.

नंतरची दोन वर्षं मोजणीची नव्हतीच. १९४७ सरलं आणि त्या मुलखात दंगेधोपे वाढले. वाडीतल्या लोकांनी बैलगाड्या जुंपल्या आणि सरहद्द ओलांडून वऱ्हाडात नातलगांकडं गेले. चतुराबाई वाशीमकडं लेकीच्या घरी, लिंबाजी उमरखेडकडं सासुरवाडीला. वाडीला वर्षभर दिवा नव्हता. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाचं राज्य गेलं आणि लोक हळूहळू परत आले. पेरणी झालेली नव्हती. रानात माणसाच्या उंचीचं कुंद्याचं गवत. सगळ्यांनी नव्यानं सुरुवात करायची होती, आणि लिंबाजीनं ठरवलं की आता दगड रोवूनच नांगर घालायचा.

डिसेंबरातल्या एका दुपारी संपतराव, किसनसिंग, लिंबाजी आणि चतुराबाई असे चौघं शेतात होते. गवत कापून साखळी टाकली. सोळा साखळ्या पूर्वेला. वर वीस साखळ्या, सव्वापंधरा आणे.

संपतरावांनी वही उघडली. सोळाचे पाऊणपट बारा. ठिकाणा आठ साखळ्या, सव्वापंधरा आणे. नऊतून पाऊण आणा गेला. त्यांनी रेषा विहिरीपर्यंत नेली. ती काठाच्या दगडात बोटभर आत शिरत होती.

लिंबाजीनं वाकून बघितलं. त्याला आनंद झालेला दिसला नाही. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "वैनी, म्या सरकवली न्हाई," तो म्हणाला. "देवानंच आणून सोडली. मी तिला नको कसं म्हणू?"

 चतुराबाई म्हसोबाकडं बघत होती. संपतरावांनीही तिकडं बघितलं, आणि १९३६नंतर पहिल्यांदा त्यांना म्हसोबा बाजूनं दिसला. गाव ओस असताना वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी ते बोरीचं कुंपण जळणाला नेलं होतं.

म्हसोबाच्या पाठीमागं कुणी जात नाही. रीतच आहे, बायकाच काय, गुरं वळणारेही लांबून वळसा घेतात. संपतरावही कधी गेले नव्हते. त्या दिवशी ते चप्पल काढून गेले. पाठीमागं उघडा काळा दगड होता, धुळीनं माखलेला, कुणी कधी न शिवलेला. शेंदूर सगळा पुढं. त्यांनी काठी लावली. मग वही चाळून १९३६चं पान काढलं. जाडी एक वीत, असं तिथं त्यांच्याच अक्षरात होतं. आता जाडी होती वीत आणि वर पाऊण आणा.

दगड चालला नव्हता. त्याच्यावर शेंदूर चढला होता. दर शनिवारी एक थर, दहा वर्षं. तेलात कालवलेला, वाळून दगडासारखा झालेला. आणि तो घरातलं माणूस गेल्यावर जास्त चढायचा, कारण माणूस गेलं की मागचं माणूस भिऊन जास्त लावायचं. गाव उलटं समजत होतं. आधी मरण, मग शेंदूर. म्हसोबाला विहिरीकडं आणलं होतं ते चतुराबाईच्याच हातानं.

हे त्यांनी तिला सावकाश समजावून सांगितलं. तिनं आपल्या तळव्याकडं बघितलं. लिंबाजी मात्र अडून बसला. तो लबाडी करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. बापानं म्हसोबाच्या तोंडावरून म्हटलंय, दगडावरून म्हटलं नाही. आपण नमस्कार कशाला करतो? शेंदराला. "देव म्हंजे दगड का शेंदूर, हे तुमच्या वहीत हाय का?" त्यानं विचारलं.

वहीत ते नव्हतं.  साचून घट्ट झालेली शेंदराची खोळ देव आपण होऊन टाकतो. माणसानं ती काढली तर काढणारा वर्षाच्या आत जातो, हे त्या रानात सगळेच मानत. सरकारी मोजणीदारालाही ती काढायला सांगायची छाती होईना.

चतुराबाई पुढं झाली. कमरेचं खुरपं काढून ती म्हसोबासमोर बसली. लिंबाजी नको म्हणाला, दोनदा म्हणाला. ती शांतपणे बोलली. "भाऊजी, मी न्हाई काढलं तरी गावानं माझा नंबर लावलेलाच हाय. मग विहीर तरी काहून सोडू?"

तिनं खुरपं शेंदराच्या नि दगडाच्या मधल्या फटीत घातलं आणि रेटलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. सबंध खोळ एका तुकड्यात सुटली आणि तिच्या मांडीवर आली, मूल यावं तशी. आतून काळंभोर, गुळगुळीत तोंड बाहेर पडलं. दोन खोलगट डोळे. किसनसिंगनं न सांगता साखळी टेकवली.

एकवीस साखळ्या. अपूर्णांक नाही. एकविसातून बारा गेले, नऊ.

संपतराव ते मोठ्यानं म्हणणार होते. पण बाकीच्या तिघांचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. मांडीवरची खोळ कडेनं तडकली होती आणि तिचे पापुद्रे सुटत होते, कांद्याचे सुटावेत तसे. प्रत्येक पापुद्र्यावर लावणाऱ्याच्या हाताचा ठसा होता. अगदी आतल्या थरात उकंडरावाचा हात ओळखू आला. मोटेच्या चाकात सापडून त्याच्या मधल्या बोटाचं एक पेर गेलं होतं. चार बोटं पुरी आणि एक आखूड. त्याच्यावर चतुराबाईचे ठसे, अरुंद, पाचही बोटं पुरी, थरामागून थर, सात वर्षांचे.

सगळ्यांत वरचा थर तिचा नव्हता.

तो नवा होता, शेंदूर अजून पुरता काळवंडलेला नव्हता. जाडी सहा बोटं. मोठा रुंद पंजा. चार बोटं पुरी. मधलं आखूड.

वर्षभर गावात माणूस नव्हतं. ती वाशीमकडं होती; परत आल्यापासून तिनं वाटी हातात घेतली नव्हती, शेंदूरच मिळत नव्हता. लिंबाजीनं आपला हात पुढं केला, उगीच, कुणी मागितला नसताना. त्याची पाचही बोटं धड होती. मधलं बोट मुडपून त्यानं पंजा ठशाजवळ नेला. पंजा लहान पडला. मग तो हात त्याला कुठं ठेवावा कळेना.

"दादाचा हाय," तो म्हणाला.

 चतुराबाईनं आपला तळवा त्या ठशावर ठेवला आणि तसाच राहू दिला. तो आपल्याला न्यायला येत होता की आपल्यासाठी नेम चालवत होता, याचा विचार ती करत असावी, असं संपतरावांना वाटलं. पण तिला विचारायची ती गोष्ट नव्हती.

लिंबाजीनं टोपी डोक्यावर घातली. दगड कुठं रोवायचे ते सांगा, नऊवर रोवा, एवढंच बोलला. अंगठा द्यायला त्यानं वेळ लावला नाही. पहिला दगड म्हसोबाच्या उघड्या तोंडासमोर पडला, दुसरा विहिरीच्या पलीकडं, काठापासून पाऊण हात राखून. विहीर चतुराबाईची राहिली. पुढं बावीस वर्षं तिनं तिच्यावर हळद केली, आणि गावानं लावलेला नंबर तिला लागला नाही.

संपतराव वही लिहायला खाली बसले. तारीख, हजर माणसं, साखळी तपासल्याची नोंद. चतुराबाईनं काय लिहिलं ते वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं: उत्तर म्हणजे पूर्वेची पाऊणपट, अधिक नऊ.

"एवढंच?"

"रेघेला एवढंच लागतं," ते म्हणाले. सबंध नोकरीत मोजून न लिहिलेली गोष्ट एकच, तो वरचा थर.

देवाची उतरलेली खोळ पाण्यात सोडायची असते. तिनं ती पदरात घेतली, विहिरीशी गेली, ठशाची बाजू वर करून दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. पाणी दहा हातांवर होतं. दुपारीच संपतरावांनी ते मोजलं होतं. चौघंही आवाजाची वाट बघत उभे राहिले. यायला हवा होता त्याच्यापेक्षा आवाज बराच उशिरा आला.

किती उशिरा, ते संपतरावांनी मोजलं नाही. त्यांनी साखळी गोळा केली आणि ऊन आहे तोवर पुसेगावची वाट धरली.